शनिवार तेली : सातव्या दिवशी थांबणारा घाणा कायमचा कसा थांबला?

१/
जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, तेल्यांची ओळख वारावरून सांगितली जाई. महादेवाच्या नंदीचा मान राखून सोमवारी घाण्याला बैल न जुंपणारे ते 'सोमवार तेली'. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते 'शनिवार तेली'. गावाच्या दृष्टीने फरक एवढाच होता : कोणाच्या दारी कोणत्या दिवशी तेल मिळणार नाही. त्या शनिवारामागे मात्र जेरुसलेमपर्यंत पोहोचणारा इतिहास होता. शनिवार तेली हे ज्यू होते. आजचा थ्रेड त्यांच्या घाण्याविषयी, आणि तो घाणा बंद कसा पडला याविषयी.

२/
मंचरला बसून कोकणातल्या तेल्यांची गोष्ट कशासाठी? कारण आपला मुलूख आणि ती किनारपट्टी यांना जोडणारी वाट आपल्याच उशाशी आहे. जुन्नर तालुक्यातील नाणेघाट सातवाहनकाळापासून घाटमाथ्याला कोकणातल्या बंदरांशी जोडत आला. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांची नावे आहेत. धान्य विकणारे, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडविणारे यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. समुद्रापलीकडून आलेला माणूस या मुलखाला नवा नव्हता.

३/
तेल गाळणाऱ्यांची संघटनाही तितकीच जुनी. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातील, म्हणजे साधारण इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी काही रक्कम श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवली. त्या श्रेणींत 'तिलपिषक', म्हणजे तीळ पिळणारे तेली, आहेत. लोकांनी विश्वासाने पैसा ठेवावा अशी पत या धंद्याला होती. म्हणून कोकणात उतरलेल्या एका परक्या समाजाने नेमका हाच धंदा धरला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

४/
हा समाज स्वतःला 'बेने इस्राएल' म्हणवितो. अर्थ 'इस्राएलची मुले'. त्यांची परंपरा अशी : फार पूर्वी पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने परत दिलेले मृतदेह त्यांनी तिथेच पुरले. नवगावची ती दफनभूमी आजही दाखविली जाते. सोबतचे धर्मग्रंथ पाण्यात गेले आणि जे उरले ते केवळ स्मरणात उरले.

५/
ही घटना केव्हाची, याविषयी समाजातच वेगवेगळी मते आहेत आणि समकालीन लेखी पुरावा नाही. म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने जहाजफुटीची कथा परंपरा म्हणूनच नोंदवावी. मात्र परंपरेचा गाभा निराधार नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारांचा ठळक वाटा आढळला. पश्चिमेकडून ज्यू आले, इथल्यांत मिसळले आणि तरीही वेगळे राहिले. हे वेगळेपण टिकले कशामुळे, हा खरा प्रश्न.

६/
लेखी पुराव्यांचा माग काढला तर एक विलक्षण उल्लेख भेटतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीस याने एका पत्रात भारतातील ज्यूंविषयी लिहिले. त्याचा आशय असा की त्यांना धर्मशास्त्राचे ज्ञान नाही. शब्बाथ आणि सुंता एवढेच ते पाळतात. हा उल्लेख बेने इस्राएलांविषयीच आहे असे ठामपणे म्हणता येत नाही; अनेक अभ्यासकांना मात्र तसे वाटते. १७३८ मध्ये सार्टोरियस या मिशनऱ्याने मद्रासहून लिहिलेल्या पत्रात 'बेने इस्राएल' हे नावच येते.

७/
ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, हिब्रू भाषा नाही. प्रार्थनेतला 'शेमा' हा एकच मंत्र तोंडी उरलेला. जन्म, विवाह, मृत्यू, सगळ्या प्रसंगी तोच म्हटला जाई. अशा समाजाचा धर्म राहणार कुठे? तो राहिला रोजच्या व्यवहारात : काय खायचे, काय नाही, आणि कोणत्या दिवशी काम थांबवायचे. यांतील पहिल्या दोन गोष्टी घराच्या चार भिंतींत घडतात. तिसरी सगळ्या गावाला दिसते.

८/
आता घाणा डोळ्यांपुढे आणा. जाड बुंध्याचे किंवा दगडाचे उखळ, त्यात उभी लाट, लाटेला जोडलेले आडवे लाकूड आणि ते ओढत गोल फिरणारा बैल. बैलाला भोवळ येऊ नये म्हणून डोळ्यांवर झापड. उखळात तीळ किंवा खोबरे. तासन्‌तास फिरल्यावर तेल सुटते, तळाशी पेंड उरते. तेल माणसांना, पेंड गुरांना. काहीही वाया जात नाही. पण कष्ट असे की 'घाण्याचा बैल' हा शब्दप्रयोग आपण आजही राबणाऱ्या माणसासाठी वापरतो.

९/
हे तेल केवळ फोडणीचे नव्हते. रॉकेल येण्यापूर्वी घरातला दिवा, देवापुढची समई, डोक्याला लावायचे तेल, अंगाला चोळायचे तेल, सगळे घाण्यावरूनच येई. म्हणजे तेल्याचे दुकान हे गावाच्या स्वयंपाकघराचे आणि उजेडाचेही दुकान होते. असे दुकान आठवड्यातून एक दिवस, न चुकता, बंद राहणे ही गावाच्या दिनक्रमात उमटणारी गोष्ट होती.

१०/
ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शब्बाथ शुक्रवारी दिवेलागणीला लागतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर सुटतो. या काळात काम वर्ज्य, केवळ मालकाला नव्हे. दहा आज्ञांतील शब्बाथाची आज्ञा घरातल्या नोकराला आणि जनावरालाही विश्रांती देते. सोमवार तेल्याचा बैल नंदीच्या पुण्याईने सुटे, शनिवार तेल्याचा बैल मोझेसच्या आज्ञेने. दोन धर्म, दोन कारणे, पण गोठ्यातल्या जनावराच्या वाट्याला आलेली सुटी तीच.

११/
या सुटीची किंमतही होती. वर्षाचे ५२ दिवस उत्पन्न नाही. गावचा बाजार शनिवारी भरत असेल तर ऐन गिऱ्हाइकाच्या दिवशी घाणा बंद. तरी तो बंद राही. शेजाऱ्यांनी त्याचा अर्थ विचारण्यापेक्षा त्याला नाव दिले, 'शनिवार तेली'. एका जगप्रसिद्ध धर्मनियमाचे इतके साधे, इतके गावठी नामकरण दुसरीकडे क्वचितच झाले असेल. बेने इस्राएलांना आपण ज्यू आहोत याचा ग्रंथाधार सांगता येत नव्हता, पण गाव मात्र त्यांना दर आठवड्याला त्याच नावाने हाक मारीत होते.

१२/
सणांची नावेही अशीच मराठी झाली. पासओव्हरच्या आठ दिवसांत आंबवलेले पदार्थ निषिद्ध. कोकणातल्या घरात आंबट रसाचे मातीचे भांडे असे. ते या दिवसांत झाकून ठेवीत, म्हणून तो 'अनशी ढाकाचा सण'. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशी पांढरे वस्त्र नेसून, दारे लावून घरात उपवास करीत, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. शोकाच्या एका दिवशी वालाचे बिरडे शिजे, म्हणून 'बिरड्याचा सण'. या नावांत हिब्रू शब्द एकही नाही, पण पंचांग ज्यूंचेच आहे.

१३/
स्वयंपाकघराचीही तीच कथा. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही हा ज्यू नियम. कोकणाने त्यावर नारळाचे दूध दिले, आणि मटणाचा रस्सा नियमात बसला. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधात. द्राक्षाच्या मद्याऐवजी किसमिसाचे सरबत. संदेष्टा एलिया याच्या नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळांचा 'मलिदा'. मासळीत खवले आणि पर असलेलीच चालते. म्हणजे किनाऱ्यावर राहूनही कोळंबी, खेकडे वर्ज्य.

१४/
मासळीच्या या नियमावरच समाजाची एक लाडकी कथा उभी आहे. डेव्हिड राहबी नावाचा एक ज्यू प्रवासी कोकणात आला. हे लोक खरेच ज्यू आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली. त्यांनी खवले-पर असलेली तेवढी वेगळी काढली आणि राहबीची खात्री पटली. त्याने तीन कुटुंबांतील माणसांना धर्मविधी शिकविले. हा राहबी नेमका कोणत्या शतकातला यावर एकमत नाही. पण कथा काय मानते ते पाहा : परीक्षा ग्रंथाची झाली नाही, चुलीची झाली. आणि ती बायकांनी दिली.

१५/
शतकानुशतके तेली आणि शेतकरी म्हणून जगताना त्यांनी गावांचीच नावे लावली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर, झिराडकर, राजपूरकर, अष्टमकर, केहिमकर. पडद्यावरचे लाडके चरित्र अभिनेते डेव्हिड हे डेव्हिड अब्राहम चेऊलकर; म्हणजे चौलचे. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर. वरळीचा डॉ. ई. मोझेस रस्ता त्यांच्याच नावाचा.

१६/
इथून कथा वळण घेते. अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली आणि कंपनी सरकारला शिपाई हवे होते. बेने इस्राएल तरुण पलटणीत शिरले. त्यांपैकी सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत 'शाआर हारहमीम' हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी हा नवस फेडला असे परंपरा सांगते. लोक सिनेगॉगला 'मशीद'च म्हणत. मशीद बंदर स्थानकाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगितले जाते.

१७/
मागोमाग शाळा आल्या. अमेरिकन आणि स्कॉटिश मिशनऱ्यांनी कोकणात आणि मुंबईत शाळा काढल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. हेतू धर्मांतराचा होता, झाले उलटेच. हिब्रू आणि मराठी बायबल हाती आल्यावर बेने इस्राएल अधिक जाणते ज्यू झाले. केवळ सवयीने पाळलेल्या शनिवाराचे कारण आता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येऊ लागले.

१८/
पुण्याच्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा एक ग्रंथ : १८७४ मध्ये पुण्यात छापलेला हिब्रू-मराठी 'हगादा', म्हणजे पासओव्हरच्या रात्री वाचायची पोथी. त्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनआंबवणाची भाकरी करताना दिसतात. पुढल्या वर्षी, १८७५ मध्ये, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. याच केहिमकरांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. तो छापून आला मात्र १९३७ मध्ये, तेल अवीवला.

१९/
कोकणातही दगडी सिनेगॉग उभी राहिली : अलिबागला १८४८, पनवेलला १८४९. अलिबागची 'इस्राएल आळी' त्या काळाची साक्ष आहे. पण याच काळात घाण्यावरचा मुलगा कारकून, कंपाउंडर, शिक्षक, रेल्वेतला नोकर होऊ लागला. पुण्यात रास्ता पेठेत १९२१ मध्ये उभे राहिलेले 'सुकाथ शेलोमो' हे अशा नोकरदार बेने इस्राएलांचे सिनेगॉग. (कॅम्पातले लाल देऊळ, १८६७, हे बगदादी ज्यू डेव्हिड ससून यांनी बांधविलेले. बगदादी ज्यू आणि बेने इस्राएल हे वेगळे समाज.)

२०/
माणसे शहराकडे गेली आणि धंद्यालाही ग्रहण लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले. दिव्याचे तेल गेले. वाफेवर आणि पुढे विजेवर चालणाऱ्या तेलगिरण्या आल्या. एका बैलाचे दिवसाचे काम तिथे पाहता पाहता होऊ लागले. १९३० च्या दशकात शिवडीच्या कारखान्यातून वनस्पती तूप निघू लागले आणि १९३७ पासून 'डालडा'चा पिवळा डबा घरोघरी गेला. गिरणीला शनिवार नव्हता आणि सोमवारही नव्हता. बंद होणे ही घाण्याची शान होती. अखंड चालणे हा यंत्राचा धर्म.

२१/
१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र जन्माला आले. पुढल्या दशकांत बेने इस्राएल मोठ्या संख्येने तिकडे गेले. इथे एक गोष्ट ठळकपणे नोंदविली पाहिजे : त्यांना कोणी हाकलले नाही. युरोपात ज्यूंच्या वस्त्या छळाने रिकाम्या झाल्या. कोकणातल्या वस्त्या श्रद्धेने, संधीने आणि नातलगांच्या ओढीने रिकाम्या झाल्या. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात वीस हजारांहून अधिक ज्यू होते. आज ही संख्या पाच हजारांहून कमी आहे. अलिबाग परिसरातली मोजकी कुटुंबे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही तेलाच्या धंद्यात होती. पुढे तेही सरले.

२२/
जगात अन्यत्र ज्यू दुकान बंद होते तेव्हा काय होते? न्यूयॉर्कची 'कार्नेगी डेली' घ्या. डेली म्हणजे खारवलेले मांस, लोणची, जाड पावाची सँडविचे देणारे ज्यू वळणाचे खाद्यगृह. १९३७ मध्ये सुरू झालेली ही डेली ३१ डिसेंबर २०१६ रोजी बंद झाली. शेवटच्या घासासाठी लोक थंडीत रांगा लावून उभे राहिले आणि वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावा तसे लेख लिहिले. १९३७ हे साल वर दोनदा येऊन गेले आहे : तेल अवीवला केहिमकरांचा इतिहास छापला गेला आणि आपल्याकडे डालडा आला. मॅनहॅटनमध्ये एका ज्यू दुकानाचे दार उघडत होते, त्याच सुमारास कोकणातल्या ज्यू दुकानाची दारे एकेक करून लागत होती. तिथे रांग लागली नाही.

२३/
रांग का लागली नाही, याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. बाहेरच्याला घाणा रम्य वाटतो. घाण्यावरच्या माणसाला तो जन्माने चिकटलेला, उतरंडीत खालचा मानला गेलेला, पाठ मोडणारा धंदा होता. 'शनिवार तेली' हे नाव आज आपल्याला गोड वाटते. शिकलेल्या बेने इस्राएलांपैकी अनेकांना मात्र ते खुपत असे. ज्या घरातून पुढे डॉक्टर जेरुशा झिराडांसारखी नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा निस्सिम इझिकेल यांच्यासारखा कवी निघतो, त्या समाजाने घाणा सोडला याबद्दल शोक करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?

२४/
आणि तरीही एक हिशेब उरतोच. इस्राएलला पोहोचल्यावर याच लोकांपुढे प्रश्न उभा राहिला : तुम्ही खरे ज्यू आहात का? १९५० च्या दशकारंभी वागणुकीतल्या भेदभावाला कंटाळून काही कुटुंबे आंदोलन करून भारतात परतली. १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या वंशाची खास तपासणी करण्याचा आदेश काढला. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले आणि अखेर १९६४ मध्ये त्या आदेशातून त्यांचे नाव वगळले गेले.

२५/
यातला विरोधाभास पाहा. कोकणात एकाही धर्मपंडिताचा दाखला हाती नसताना त्यांचे ज्यूपण कोणी तपासले नाही. बंद घाणा हाच दाखला होता आणि तो दर आठवड्याला सगळ्या गावासमोर दिला जाई. जिथे शनिवारी सारेच शहर बंद असते, तिथे मात्र शनिवार पाळणे हा पुरावा राहिला नाही. ज्या वेगळेपणाने त्यांना इथे नाव दिले, त्याची तिथे कोणाला ओळख नव्हती. घाण्याबरोबर नुसता धंदा गेला नाही. आपल्याला ओळखणारे गाव गेले.

२६/
म्हणूनच कदाचित मराठी सुटली नाही. दिमोना, बेरशेबा, रामला, लोद, अश्दोद या गावांत वसलेल्या बेने इस्राएलांनी मराठी टिकविली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक तिथे चालविले. मलिदा आजही होतो, पुरणपोळीही होते. हिब्रू विसरून ज्यूपण जपणाऱ्या या माणसांनी, हिब्रू बोलू लागल्यावर मराठीपण जपले. दोन्ही वेळा त्यांनी एकाच ठिकाणाचा आधार घेतला : स्वयंपाकघराचा.

२७/
इकडे रायगडात सिनेगॉग उभी आहेत, पण सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात आणि ते दहा जमविणे अनेक ठिकाणी अवघड झाले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. आज 'लाकडी घाण्याचे तेल' अशा पाट्या रस्त्यारस्त्यांवर पुन्हा दिसू लागल्या आहेत, आणि दुकानाबाहेर दिमाखाने लिहिलेले असते : सातही दिवस चालू.

२८/
अलिबागला जाल तेव्हा किल्ला पाहून परतण्यापूर्वी इस्राएल आळीतून एक चक्कर मारा. नवगावच्या दफनभूमीपाशी थांबा. पुण्यातल्या वाचकांनी रास्ता पेठेतले सिनेगॉग निदान बाहेरून पाहावे. आणि तुमच्या गावातल्या वृद्धांना विचारा : इथला घाणा कोणत्या वारी बंद असे, आणि का? मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर, कुठलेही गाव चालेल. दुकान कशाचे होते हे लोक सहज सांगतात. ते कोणत्या दिवशी बंद असे, हे सांगणारी पिढी आता थोडीच उरली आहे. उत्तर मिळाले तर खाली अवश्य लिहा.

(थ्रेड समाप्त)